माधुरीला न दिलेलं टेक्सास

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि बहिणीजवळ तर — तिला कोणत्या तोंडानं सांगू?

लातूरच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. औशाच्या माझ्या बहिणीची लेक माधुरी. तिला स्थळ मीच आणलं, पोरगा टेक्सासात नोकरीला. आमच्याकडं मामानं आणलेलं स्थळ म्हणजे मामाची अब्रू. मोडलं की चार लोकांत तोंड दाखवायची चोरी. माझी छाती तेव्हा लई फुगली होती.

माधुरी लोकांच्या सांगण्यावर जाणारी नाही. म्हणाली, "मामा, तिथल्या कादंबऱ्या आणा, तिथं राहिलेल्या बायांच्या आठवणी आणा. वाचते, मग हाव का न्हाई ते सांगते." म्हणजे सगळं माझ्या निवडीवर आलं — कळतंय ना?

पुस्तकं मागवली, आधी स्वतः वाचली. गुरांचे कळप, घोडे, मायाळू शेजारणी असलेली माधुरीसाठी बाजूला काढली. एक मात्र आपल्याकडूनच लग्न होऊन तिकडं गेलेल्या बाईच्या आठवणींचं होतं. नवरा गोड बोलायचा. तिला विचारलं की उत्तर तोच द्यायचा. आधी तिचा फोन घेतला, मग पासपोर्ट. चालत जावं असं जवळ काही नाही, गाडी तिला येत नाही...

वाचता वाचता मी पुस्तक मिटलं. का? बघण्याच्या दिवशी मी समोरच बसलो होतो ना. माधुरीला विचारलेल्याची उत्तरं हा पोरगाच देत होता. मग हसत हसत तिचा फोन मागून घेतला, मेसेज बघत बसला. सगळे हसले. मीही हसलो.

ते पुस्तक मी कपाटात घालून कुलूप लावलं. बाकीची औशाला पोचवली. थोड्याच दिवसांत तिचा निरोप आला, हाव म्हणून. लग्नात मामा म्हणून तिच्या मागं मीच उभा राहिलो.

आता व्हिडिओ कॉलवर तो शेजारीच बसलेला असतो. काही विचारलं की माधुरी आधी त्याच्याकडं बघते. बहीण म्हणते, पोरगी अजून लाजायलीय. लाजते? मला कळतं ते काय आहे. तेव्हाही कळलं होतं.

परवा बहिणीकडं होतो, फोन माझ्या हातात आला. माधुरीनं हळूच विचारलं, "मामा, तिकडची सगळी पुस्तकं दिली होती का हो तुम्ही?"

"सगळी दिली, बाळा," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. फोन त्यानं बंद केला.