वैद्यांनी कान लावला

जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे वैद्य म्हणत. इंजिन सुरू करायला लावायचं, हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मुठीची बाजू कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि गाडीला काय दुखतंय ते सांगायचं, अशी त्याची पद्धत. स्वतःचं गॅरेज होतं तेव्हाही हीच होती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, गॅरेज विकावं लागलं आणि तो लोकांना नुसत्या गाड्या तपासून द्यायला लागला, तेव्हाही तीच राहिली. घेणारा विकणाऱ्याला आधी विचारायचा, "वैद्यांनी कान लावलाय का?" लावला असेल तर पुढचं बोलणं खुर्चीत बसून व्हायचं, नसेल तर उभ्याउभ्याच आटपायचं.

त्या कानांना दीड वर्षापासून बारीक आवाज येत नव्हते, हे बाजाराला ठाऊक नव्हतं.

घरीही ठाऊक नव्हतं. बायको म्हणायची, "मी काय भिंतीशी बोलतेय?" पण नवरा ऐकत नाही ही तक्रार जगात इतकी जुनी आहे की त्यात खरंच काही असेल असं कुठल्याही बायकोच्या मनात येत नाही. डॉक्टरने मात्र स्पष्ट सांगितलं होतं. जन्मभर इंजिनांशेजारी उभं राहून कानांतले बारीक सूर गेले, जाडेभरडे तेवढे राहिले, आणि गेलेले काही परत यायचे नाहीत. कानाला मशीन लावा. मशीन लावलेला वैद्य! बाजार हसून लोळला असता. दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्याने ठरवून टाकलं की झाकली मूठ सव्वा लाखाची. या नावावर पोट चालत होतं, आणि खरं सांगायचं तर पोटापेक्षा त्याला त्या नावाची जास्त काळजी होती.

मी काही अगदीच फसवत नाही, असं तो स्वतःला समजावत असे. डोळे आहेत, हात आहेत, अनुभव आहे. राहता राहिला कान, तर तो नेहमीसारखा लावायचाच. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

आज मात्र गाडी धाकट्या बहिणीला घ्यायची होती.

धाकटीचा नवरा कारखान्यात पाठ मोडून घेऊन घरी बसला, तेव्हापासून ती स्वतःची छोटी गाडी चालवून घर ओढत होती. हॉटेलातल्या पाहुण्यांना विमानतळावर नेणं-आणणं, कधी घाटावरच्या विश्रामगृहापर्यंत पोचवणं. आता एका मोठ्या हॉटेलने तिला रोजचं काम देऊ केलं होतं, पण अट अशी की गाडी भारी आणि उंच हवी, पाहुण्याला बसताना वाकावं लागू नये. नवी घेण्याची ऐपत नव्हती. बाजारातल्या एका डीलरकडे एक जुनी, काळी, डिझेलवरची आलिशान एसयूव्ही होती. धाकटी आपली छोटी गाडी बदल्यात देणार होती आणि साठवलेलं सगळं वर घालणार होती. म्हणजे ही गाडी बसली की तिचं घरही बसलं, दुसरा आधार नव्हता. "दादा हो म्हणाला की मी डोळे मिटून घेणार," असं ती नवऱ्याला सांगून आली होती.

शोरूमच्या काचा लखलखत होत्या. डीलर हसतमुख माणूस, चष्मा कपाळावर सरकवून बोलायची सवय. "या वैद्यबुवा. तुमचा निरोप होता ना, सकाळपासून कुणाला किल्लीला हात लावू दिलेला नाही. इंजिन थंडगार आहे."

त्याने बॉनेटवर तळवा टेकवला. खरंच गार होतं. ते कोमट असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. आधीच तापवून ठेवलेली गाडी मी बघत नाही, असं म्हणून बहिणीला घेऊन परत जाता आलं असतं.

मग त्याने डोळ्यांचं आणि हातांचं काम सुरू केलं, आणि त्यात तो आजही कुणाला हार जाणारा नव्हता. ही गाडी स्प्रिंगांवर नाही, हवेच्या फुग्यांवर उभी राहते. रात्रभर उभी राहून एखादा कोपरा खाली बसला असेल तर तिथून हवा गळते. चारही कोपरे सारखे होते. एखादी काच मागाहून बदललेली नाही ना, म्हणून काचांवरचे वर्षांचे छाप बघितले. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून त्याचा वास घेतला. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी तिथे गाळ राहतो. चिखल नव्हता, कुबट वास नव्हता. ब्रेकच्या पेडलाचं रबर अंगठ्याने चाचपलं, ते मीटरवरच्या आकड्याला साजेसंच झिजलं होतं. मागच्या उजव्या दारावर बोट फिरवून तो म्हणाला, "हे ठोकून रंगवलंय."

"पार्किंगमध्ये घासलं होतं," डीलर लगेच म्हणाला. "तुमच्यापासून काय लपणार! किमतीत बघू."

धाकटीने अभिमानाने डीलरकडे बघितलं, बघा, माझा दादा आहे, अशा नजरेने. तो तिच्याकडे न बघता बॉनेटकडे वळला.

"चालू कर," तो म्हणाला, आणि बॉनेट उघडून स्क्रूड्रायव्हर टेकवला.

धाकटीने बटण दाबलं. खाली कुठेतरी जाडसर घरघर सुरू झाली, मुठीतून दातांपर्यंत थरथर पोचली. त्याने डोळे मिटून घेतले. पूर्वी या क्षणी त्याच्यापुढे अख्खं इंजिन उलगडत असे. कोण कुठे घासतंय, कोण मागे पडतंय, कोण उगाच ओरडतंय. आता नुसती घरघर होती, भिंतीपलीकडे कुणी घोरत असल्यासारखी. तो तसाच वाकून उभा राहिला, नेहमी जेवढा वेळ राहायचा तेवढाच.

कोपराला हात लागला. डोळे उघडले तर धाकटी गाडीतून उतरून शेजारी आली होती आणि तिचे ओठ हलत होते. शेवटचे शब्द तेवढे त्याला ऐकू आले, "...काय वाजलं?"

"डिझेल आहे हो ताई," डीलरचा जाडा आवाज त्याला नीट ऐकू आला. "सकाळी सकाळी घसा खाकरणारच. बघा, थांबलं पण."

दोघेही त्याच्याकडे बघत होते. त्याने मान हलवली. "होतं थंड असताना असं," तो म्हणाला. कित्येक महिने हेच वाक्य त्याच्या जिभेवर तयार बसलेलं असे.

मग धाकटीने गाडी रस्त्यावर काढली. आत इतकी शांतता होती की बाहेरचा ट्रकसुद्धा मुकाट गेला. श्रीमंतांच्या गाडीत सगळेच बहिरे, हे त्याला तिथे बसल्यावर कळलं, आणि थोडा वेळ फार बरं वाटलं. धाकटी स्टिअरिंगवर ताठ बसली होती. एवढी ताठ ती लग्नातही बसली नव्हती. चढावर गाडीने एका दमात वेग घेतला तशी ती खुदकन हसली. "दादा, हिच्यात बसल्यावर मला कुणी अहो-जाहोशिवाय बोलणारच नाही बघ!" तोही हसला, पण मनातून एक गोष्ट जात नव्हती. काहीतरी वाजलं होतं. ते तिने ऐकलं होतं, डीलरने ऐकलं होतं, आणि ज्याने ऐकायचं त्यानेच ऐकलं नव्हतं.

परत येऊन डीलरच्या केबिनमध्ये बसले. कागद तयारच होते. धाकटीने पर्समधून छोट्या गाडीची किल्ली काढली. ती घराच्या किल्लीबरोबर एकाच कडीत अडकवलेली होती. नखाने कडी फाकवून ती एकेक वेढा सरकवू लागली. कडी घट्ट होती, नख वाकलं, तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा प्रयत्न केला.

"दादा, घेऊ ना?"

हो म्हणणं इतकं सोपं होतं की त्यासाठी तोंडही उघडावं लागलं नसतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"थांब," तो म्हणाला. "तू मघाशी काय विचारलंस? काय वाजलं होतं?"

डीलर हसला. "अहो, तुम्हीच तर म्हणालात ना, थंड असताना होतं."

"मी म्हणालो. पण मला ऐकू आलं नव्हतं." त्याने टेबलावरचे कागद बाजूला सारले. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दीड वर्ष झालं."

धाकटीच्या हातातली कडी तशीच फाकलेली राहिली. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की जणू कुणी परका माणूस दादाच्या खुर्चीत येऊन बसला होता. तिने काही विचारायच्या आत तोच घाईने म्हणाला, "ते नंतर. आधी आठवून सांग. असं होतं का?" आणि त्या चकचकीत केबिनमध्ये, काचेपलीकडचे कारकून बघत असताना, पन्नाशी उलटलेला तो माणूस तोंडाने इंजिनाचे आवाज काढू लागला. "टक, टक, टक, टक. एका ठेक्यात?"

"नाही. ठेका नव्हता."

"मग चीं... असं? पट्टा ओरडल्यासारखं?"

"नाही रे."

आवाज त्याच्या डोक्यात सगळे शाबूत होते, एकही हरवला नव्हता. जीभ टाळूला लावून त्याने तिसरा काढला, घाईघाईचा, खुळखुळता, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा, दोन-तीन श्वासांपुरता, आणि एकदम बंद केला.

धाकटीचा चेहरा उतरला.

"हाच?"

"हाच. अगदी हाच, दादा."

"चेन ढिली आहे," तो म्हणाला. "इंजिनाच्या आतली, मागच्या अंगाला. तेल वर चढलं की गप्प होते. ती बदलायला अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. आणि नाही बदलली तर एक दिवस तुटते आणि इंजिन भंगारात जातं. घाटात पाहुणे घेऊन चाललेली असशील तेव्हासुद्धा तुटेल."

"चला, पुन्हा चालू करून बघू," डीलर उठत म्हणाला.

"आता काय बघायचं? तापलीय. आता ती संध्याकाळपर्यंत गुणाची बाळ."

डीलर खाली बसला. त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, टेबलावर पुढे झुकला आणि आवाज अगदी खाली आणून काहीतरी बोलला.

"मोठ्यानं बोला," वैद्य म्हणाला.

डीलरने काचेपलीकडे नजर टाकली आणि पुन्हा तेच, तितक्याच हळू. कुजबुजीतली लाच बहिऱ्याच्या काय कामाची?

"मी सांगते," धाकटी म्हणाली, आणि तिने आवाज असा चढवला की कारकुनांच्या माना वर झाल्या. "दादा, हे म्हणतायत, तुझ्या कानांचं या खोलीबाहेर जाणार नाही. मी गाडी घेतली तर!"

डीलर लालबुंद झाला. वैद्य उठला. "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही," एवढंच तो म्हणाला आणि दार ढकलून बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट बाजारभर होणार हे त्याला माहीत होतं. उद्यापासून त्याला कुणी बोलावणार नव्हतं. रडू येईल की काय असं त्याला वाटलं.

छोट्या गाडीतून दोघे परत निघाले. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा धाकटीने मान वळवली, ओठ दिसतील अशी.

"दीड वर्ष?"

"हो."

"मग माझ्या नणंदेची गाडी?"

पावसाळ्याच्या आधी नणंदेने आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती. धाकटीच्याच शब्दाखातर त्याने ती तपासून दिली होती, आणि मोबदला म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता.

मागचे लोक हॉर्न वाजवू लागले. "तिच्याकडे घे," तो म्हणाला.

नणंदेने दार उघडलं आणि तिला कोण आनंद झाला. "दादा, तुम्ही! अहो, गाडीबद्दल कुणी विचारलं की मी तुमचंच नाव सांगते." त्याला आत बोलवत होती, खुर्ची पुढे करत होती. तो दारातच उभा राहिला आणि डीलरपुढे जे बोलला तेच पुन्हा बोलला. दुसऱ्यांदा बोलणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. ते जास्त अवघड गेलं.

नणंदेचं हसू हळूहळू मावळलं. तिने आधी धाकटीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पण तुम्ही तर केवढा वेळ कान लावून उभे होतात," ती म्हणाली. "मग त्या दिवशी ऐकत काय होतात?"

"काही नाही," तो म्हणाला. "मधूनच डोळे उघडून तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्हाला गाडी फार आवडली होती."

ती आत गेली आणि पुन्हा तपासायला गाडीची किल्ली घेऊन आली.