पिवळ्या बदकाचं फाटक

वेळ सकाळी अकरा चाळीस. जागा एका पाळणाघराचा जिना, वरच्या मजल्यावरून अंगणात उतरणारा. सोळा पायऱ्या. वरच्या पायरीशी फाटक नाही.

ते फाटक कुठे गेलं होतं, हे कळायला आधीचे किस्से ऐकावे लागतील. तीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यात बातमीदारी करतोय. छापायचं ते वहीच्या पुढच्या पानांवर लिहितो, टपरीवर चहासोबत सांगायचं ते मागच्या पानांवर. पाळणाघरांचं सगळं मी मागेच लिहीत गेलो आणि पानं भरत गेली. शहराचं नाव इथे लिहीत नाही. चौकशी संपलेली नाही, असं मला सांगण्यात येतं.

*

इथे पाळणाघराला परवाना लागतो, आणि परवान्यासोबत एक ते पाच तारे मिळतात. तपासणी अचानक करायची, असा नियम. पण तपासणीच्या साहेबांना मधुमेह. म्हणून आदल्या दिवशी ऑफिसातून फोन जायचा, "उद्या साहेबांचा चहा बिनसाखरेचा ठेवा."

हे मला कल्पनाताईंनीच सांगितलं. बसस्टँडमागे त्यांचं पाळणाघर आहे, तीस मुलांचं. म्हणाल्या, "साहेब दारात आले की आम्ही दचकायचं, भाऊ. अचानक म्हणजे तेवढंच."

*

दहा मुलांमागे एक बाई हवी. कल्पनाताईंकडे बाया दोनच. तिसरी ठेवण्यापेक्षा त्यांनी सोपा मार्ग काढला. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दहा घरी निरोप जायचा, "उद्या मुलाला पाठवू नका."

त्या दहांतलं एक घर योगिताचं. ती विसरवाडीकडे एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. नवरा सुरतेला कामाला. निरोप आला की तिची रजा गेलीच. ती एकदा मला एसटीत म्हणाली, "पोरं जितकी कमी तितकं पाळणाघर चांगलं. एक दिवस सगळीच घरी ठेवा म्हणावं, पाच तारे येतील."

त्या तपासणीत कल्पनाताईंना चार तारे मिळाले.

*

खेळण्यांना वेगळे गुण. कल्पनाताईंची खेळणी उंच फळीवर, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट. एका तपासणीला योगिताची मुलगी पिहू हजर मुलांमध्ये होती. तिला बोलायला फार लागायचं. तिने साहेबांसमोरच विचारलं, "आज बाहुलीला हात लावायचा का?"

साहेबांनी तिचा गाल ओढला आणि "खेळणी आहेत" यापुढे खूण केली. मुलं त्या खेळण्यांशी खेळतात का हे पाहिलंत का, असं मी त्यांना विचारलं.

"फॉर्ममध्ये तो रकाना नाही," साहेब म्हणाले.

*

आता फाटक. जिना असेल तर वरच्या पायरीशी मुलांना ओलांडता येणार नाही असं फाटक हवं, ही परवान्याची अट. कल्पनाताईंचं धरून गावात जिन्याची पाळणाघरं पाच. पाचांनी मिळून एकच लोखंडी फाटक करून घेतलं. बिजागरीवरून उचललं की निघतं, दुसरीकडे अडकवलं की बसतं. पाची जिने एका मापाचे नसल्याने वेल्डरने बाजूला सरकती पट्टीही जोडून दिली. मधोमध पिवळं बदक रंगवलेलं, त्याची चोच एका कोपऱ्यात खरवडलेली.

ज्याच्याकडे बिनसाखरेच्या चहाचा फोन यायचा, त्याच्याकडे सकाळी रिक्षातून फाटक जायचं. रिक्षावाले नाना मला म्हणाले, "भाऊ, आख्खा गावमा सर्वात जास्त तपासणी या फाटकनी हुई. येक बी डाव नापास नही."

हा किस्सा मी किती जणांना सांगितला असेल! प्रत्येक वेळी हशा मिळाला. बातमी मात्र एकदाही केली नाही.

*

योगिताला कल्पनाताईंचा फोन आला अकरा त्रेचाळीसला. विसरवाडीहून ती मिळेल त्या ट्रकने निघाली.

पिहू साडेतीन वर्षांची. धुळ्याला अडीच आठवडे दवाखान्यात होती. आता घरी आहे. भरवलं की खाते, आई हलली की नजर हलते. बोलत नाही.

चौकशी त्याच साहेबांकडे आली. अहवालात लिहिलं आहे की पिहू अकरा चाळीसला पडली, फाटक जागेवर होतं, बंद होतं, मुलगी त्यावर चढली. सोबत फाटकाचा फोटो, खाली "घटनेच्या दिवशीची स्थिती".

योगिता तो अहवाल घेऊन माझ्याकडे आली. एरवी माझ्याशी शाळेतली मराठी बोलणारी बाई, त्या दिवशी घरचं बोलली. "ती फाटकवर चढनी, असं लिखेल शे. म्हणजे चूक मन्ही पोरनी. भाऊ, माले फक्त येक सांगा. फाटक तठे व्हतं का नही?"

मी फोटो पाहिला. पिवळं बदक, चोच खरवडलेली. मग मी तिला नानांचं सगळं सांगितलं.

तिने अहवालाची घडी घातली. "तुमले माहीत व्हतं?"

*

कल्पनाताईंना भेटलो. त्या दिवशी सकाळी नाना आले होते का, एवढंच विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या चार ताऱ्यांच्या पाटीकडे बोट केलं.

"फाटक आहे असं लिहिलंय ना भाऊ? मग आहे." चहाला थांबा म्हणाल्या नाहीत.

मग मी माहितीच्या अधिकारात बाकीच्या चार पाळणाघरांचे तपासणी अहवाल मागवले. ते हाती यायला दोन अपिलं लागली.

त्यातला एक अहवाल त्याच तारखेचा आहे. पाळणाघर गावाच्या दुसऱ्या टोकाचं, शहादा रस्त्यावरचं. अचानक तपासणी. "जिन्याला फाटक : आहे." पुराव्याला फोटो जोडलाय. साहेब जिन्यावर उभे आहेत, एका हातात चहाचा कप, दुसरा हात फाटकावर. बोटांच्या खाली पिवळं बदक, चोच खरवडलेली.

फोटोच्या कोपऱ्यात मोबाईलने वेळ छापली आहे. अकरा चाळीस.

योगिताने दोन्ही फोटो जोडून ऑफिसात एका ओळीचा अर्ज दिला, "अकरा चाळीसला फाटक कुठे होतं?" तिच्या प्रतीवर पोच मिळाल्याचा शिक्का आहे, आणि शिक्क्याखाली त्याच साहेबांची सही.