लेक गेल्यावरचा केर

मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पगार घेतला. चेन्नईतल्या एका सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. आलेला भाग हातात घ्यायचा, मोजायचा आणि केसाइतका फरक दिसला तरी परत पाठवायचा. निवृत्त झालो तेव्हा परत पाठवायला काही उरलं नाही. पुढे वर्षभरात बायको गेली. त्याला आता तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून माझी सगळी तपासणी या घरावर चालू आहे.

घर अंबत्तूरला, तळमजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे छोटा व्हरांडा आणि त्याला दोन पायऱ्या. सकाळी साडेपाचला उठतो. आधी पंखे बंद करायचे, नाहीतर केर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळतो. मग आतल्या खोलीपासून दाराकडे झाडत यायचं. पुसायचं दोनदा, एकदा ओल्या फडक्याने आणि लगेच कोरड्या. इथलं बोअरचं पाणी खारं आहे, ते फरशीवर आपोआप वाळू दिलं की पांढरे ओघळ उठतात. नळांवर तर आठवड्यात थर चढतो. तो लिंबाच्या सालीने घासायचा. खालून नळ चकाकून वर आला की मला आनंद होतो, अगदी लाज वाटावी इतका. शेवटी व्हरांडा आणि पायऱ्या बादलीने धुवायच्या आणि चहाचा कप घेऊन त्या वाळताना बघत बसायचं. कुणी काही म्हणो, या कामात सुख आहे आणि ते मला फार उशिरा सापडलं.

पण साडेसातला हे सगळं संपतं. तिथून पुढे दिवस सरता सरत नाही. दहाच्या सुमाराला मी पुन्हा एक फेरी मारतो, पण कुणी वावरलेलंच नसतं, त्यामुळे सापडत काही नाही. घर खायला उठतं म्हणतात ना, ते पसारा असलेल्या घराबद्दल नसणार.

मेच्या सुट्टीत लेक पुण्याहून आली, पाच वर्षांच्या नातीला घेऊन. पंधरा दिवस राहणार होती. मी महिनाभर आधीपासून दिवस मोजत होतो. मनात असंही होतं की या वेळी तिला म्हणावं, जावईबापू दौऱ्यावरच असतात, तर सुट्टी संपेपर्यंत राहा. माणसं घरात आली की मला काय होतं कुणास ठाऊक. नातीने मुरुक्कू, म्हणजे इथली चकली, हातात घेतला की मी ताटली घेऊन मागे. तिने काचेला हात लावला की फडकं घेऊन मागे. रागावलो एकदाही नाही, हे शपथेवर सांगतो. फक्त पुसत होतो.

आठव्या दिवशी मी नुकतीच बाहेरची खोली पुसली होती. नात दारात थांबली आणि तिने विचारलं, "आजोबा, इथे पाय ठेवू का?"

मी कौतुकाने म्हटलं, "वा, शहाणी आहेस. दोन मिनिटं थांब हं."

लेक आतून बघत होती.  संध्याकाळी म्हणाली, "बाबा, परवाचं तिकीट मिळालंय. तिचं चित्रकलेचं शिबिर आहे, मी विसरलेच होते." ते शिबिर खोटं आहे, हे मला कळत होतं. मी बरं म्हटलं. राहा म्हणायला तोंड उघडलंच नाही. दुसरा सबंध दिवस मी खिडक्यांच्या जाळ्या धुतल्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्या दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा हलली न हलली, तोच मी आत येऊन एका हातात केरसुणी आणि दुसऱ्या हातात बादली घेतली. नेहमीचंच होतं ते. कुणी गेलं की मला घर बघवत नाही. गादीवरची उशी वाकडी, कपात उरलेलं दूध, फरशीवर चुरा. ते सगळं आवरून टाकलं की गेलेल्या माणसाची आठवण तेवढी कमी टोचते, असा माझा समज.

समोरच्या दारातून मामी धावत आल्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. वयाने माझ्याहून थोड्या लहान, पण सगळी बिल्डिंग मामी म्हणते म्हणून मीही म्हणतो. त्या दारापुढे कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या, हात पिठाने माखलेले.

"ऐयो, वेंडाम! नको!" त्यांनी माझ्या हातातली केरसुणी ओढूनच घेतली. "अण्णा, हे काय करता? आत्ता तर लेक गेली!"

मी म्हटलं, "गेली म्हणूनच तर झाडतोय."

 त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "माणूस गावाला गेलं की त्या दिवशी केर काढू नये. परत यायचं असतं ना त्यानं. लगेच झाडून धुतात ते..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

मी पायरीवरच बसलो. बायको असताना पाहुणे गेले की ती दुसऱ्या दिवसापर्यंत केरसुणीला हात लावायची नाही. गाद्या तशाच, कप तसेच. मी तिला आळशी म्हणायचो, पाहुण्यांच्या देखत चिडवायचो. ती हसायची आणि म्हणायची, "राहू दे की, काय घाई आहे?" कारण तिने कधीच सांगितलं नाही. असलं कारण तोंडाने उच्चारायचं नसतं, ते बायकांनी बायकांकडे बघून उचलायचं असतं. मी घरकाम शिकलो ते ती गेल्यावर, एकट्याने. झाडायचं कसं ते मला आलं, कधी झाडायचं नाही ते सांगायला कुणी नव्हतं.

आणि आठवलं, तिला पोचवून स्मशानातून परत आलो तेव्हा सगळं घर ओलं होतं. कुणीतरी लख्ख धुतलं होतं. मला त्याही दिवशी क्षणभर बरं वाटलं होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. गाडी रेणिगुंटा सोडून पुढे गेली होती. जेवलात का वगैरे झालं आणि मग तिने विचारलं, "झालं का धुऊन?"

"नाही," मी म्हटलं आणि मामींनी जे सांगितलं ते तिला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, आजकालच्या मुली असलं मानत नाहीत.



"मला माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "आईला नेल्यावर मामींबरोबर मीच धुतलं होतं घर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दर वेळी निघाले की रिक्षा वळताना मी मागे बघते. तुम्ही केरसुणी आणि बादली घेऊन दारात असता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुम्हाला तेवढाच एक विरंगुळा आहे."

 मी विचारलं, "आज बघितलंस का मागे?"

"नाही," ती म्हणाली. "आज नाही बघवलं."