शांतपणे चर्चा करताना बापू कसे भिजले

मी अतिशय शांत स्वभावाचा माणूस आहे, हे मी घरात कायम ओरडून सांगत असतो.

शाळेत मी मराठी शिकवतो, रविवारी चर्चमध्ये गाणी म्हणतो (मोठ्याने), आणि धर्माच्या विषयावर कितीही मतभेद असले तरी आदरानेच बोललं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना हे मत पटत नाही त्यांचा मला मनस्वी संताप येतो.

तर आमच्या एस्तेरचं लग्न. मुलगा तिने स्वतःच निवडला होता. सागर, कोल्हारचा, उसाची शेती असलेल्या घरातला, तिच्याच बँकेत नोकरीला. राग यावा असं त्याच्यात काहीच सापडेना, म्हणून मला आधी त्याचाच राग आला. त्याचे वडील लवकर गेलेले. घरचे कर्ते म्हणजे थोरले चुलते, बापू. "बापूंनी मला वाढवलं. ते नाही म्हणाले तर मला पुढे जाता येणार नाही," असं सागरने एस्तेरला स्पष्ट सांगितलं होतं. त्यामुळे बापू आणि सागरची आई सागरबरोबर नगरला आमच्या घरी जेवायला येणार म्हटल्यावर घरात दहावीच्या निकालाचं वातावरण झालं.

"अहो, आपण ख्रिस्ती, ते हिंदू. बापू काहीतरी विचारणारच," माझी बायको मालती म्हणाली. "तुम्ही चिडू नका."

"मी कधी चिडतो?"

ती नुसती हसली. आता याला चिडवणं नाही तर काय म्हणायचं!

"आणि पप्पा, दानिएलमामा पण येणार आहेत," एस्तेर हळूच म्हणाली.

"त्याला कुणी बोलावलं?"

"मी!" मालती म्हणाली. "माझा थोरला भाऊ आहे तो. मामाशिवाय लग्नं ठरतात का कुठे?"

दानिएलही ख्रिस्तीच. पण त्याचं चर्च वेगळं, आमचं वेगळं. आमच्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. त्यांच्याकडे जाणत्या माणसाला पाण्यात पुरता बुडवून. फरक म्हणाल तर एवढाच. या एवढ्याशा फरकावरून आम्ही माझ्या लग्नाच्या मांडवात जे भांडायला लागलो ते अजून थांबलेलो नाही.

शनिवारी मंडळी आली. बापू धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. मालतीने मासवडी केली होती. ती पाहून बापू खूश झाले, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि पहिला घास गिळून म्हणाले, "मास्तर, राग मानू नगा, पर तुमी मूळचे कोन?"

"अहिल्यानगरचे."

"न्हाई, त्याच्या आदी?"

"त्याच्या आधी अहमदनगरचे."

सागरला ठसका लागला. बापू मात्र गंभीर. "तसं न्हवं. बाटायच्या आदी?"

बाटायच्या! (आम्ही काय विहीर आहोत, कुणी शिवलं की बाटायला?) माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. मालतीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला आणि तो दाबला. मी दात आवळून म्हणालो, "बापू, आम्ही बाटलो असं नाही म्हणत. माझ्या पणजोबांनी विचार करून, समजून उमजून हा विश्वास स्वीकारला."

"आसं व्हय?" बापू म्हणाले. "आमच्याकडं समदे तसंच बोलत्यात. चुकलंच माझं."

घ्या! माणूस सरळ ऐकूनच घेत होता. एवढा चांगला तापलेला तवा, आणि त्यावर भाजायला काही नाही!

"आनि तुमच्यात देव तीन का येक?"

"एकच," मी म्हणालो. "पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. पण देव एकच."

"मंजी आमच्या दत्तावानी?"

"नाही, अगदी तसं नाही. त्याचं असं आहे..."

"दाजी, तुम्ही राहू द्या," दानिएल मध्येच म्हणाला. "हे मी सांगतो. तुमच्या चर्चमध्ये नीट शिकवत नाहीत."

"काय शिकवत नाहीत?"

"बापू, खरं सांगू का, आमच्या दाजींचा अजून बाप्तिस्माच झालेला नाही. तान्हेपणी डोक्यावर दोन थेंब पडले होते. त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत. त्याला गळकं छप्पर म्हणतात."

मी उभा राहिलो. मालतीचा पाय आता रिकाम्या फरशीवर होता.

"थांबा, थांबा," बापू म्हणाले. "मंजी तुमच्यातच येकमत न्हाई व्हय?"

"आहे!" आम्ही दोघे एकदम ओरडलो. (तेवढ्यापुरतं झालं.)

"दानिएल, प्रश्न पाण्याचा नाही, श्रद्धेचा आहे!" मी गरजलो. "एक थेंब पुरतो! एक थेंब डोक्यावर पडला की माणूस प्रभूचा झाला! कायमचा! समजलं?" आणि तो एक थेंब दाखवायला मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलून दानिएलच्या तोंडापुढे असा काही झटकला की त्याचं तोंड तिथे असतं तर प्रश्न मिटला असता. पण नेमका त्याच वेळी तो मासवडी वाढून घ्यायला वाकला. ग्लासातलं सगळं पाणी त्याच्या पाठीवरून गेलं आणि पलीकडे बसलेल्या बापूंच्या उघड्या डोक्यावर पडलं.

बापूंच्या मिशांवरून पाणी रश्शात ठिबकत होतं.

"मास्तर," बापू सावकाश म्हणाले, "ह्ये आत्ता काय झालं?"

"अगं बाई!" सागरची आई किंचाळली. "बापूंना बाटवलं!"

त्यांच्या भावकीत आधीच कुजबुज चालू होती, की पोरीकडचे एकेकाला आपल्यात ओढून नेणार. आणि इथे मी पहिल्याच जेवणात घराच्या कर्त्यापासून सुरुवात केली होती!

"नाही हो नाही!" मी ओरडलो. "एवढ्याशा पाण्याने काही होत नाही!"

"आत्ताच तर म्हनला, येक थेंब पुरतो. कायमचा."

"ते तान्ह्या बाळांचं! मोठ्या माणसाला पुरतं बुडवल्याशिवाय काही खरं नसतं!"

"हालेलुया!" दानिएलने दोन्ही हात वर केले. इतकी वर्षं भांडून जे त्याला जमलं नव्हतं, ते मी साक्षीदारांसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं. मी त्याची गचांडी धरायला निघालो.

"सागर, गाडी काढ," असं म्हणून बापू ताडताड व्हरांड्यात गेले.

"पप्पा! मामा! दोघेही स्वयंपाकघरात जा!" एस्तेर ओरडली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आम्ही गेलो. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. एस्तेरने बापूंच्या हातात टॉवेल दिला आणि पायरीवर त्यांच्या शेजारी बसली.

बापूंनी खसाखसा डोकं पुसलं. मग म्हणाले, "पोरी, पान्याचं काय न्हाई. उसाला पानी देताना मी रोजच भिजतो. पर आमच्या देव्हाऱ्यात माझ्या आज्ज्यापासनंचे देव हायेत. उद्या तू आलीस आनि ते काढा म्हनलीस तर? ह्या इचारानं झोप न्हाई मला."

"नाही म्हणणार, बापू. पण मी त्यांची पूजाही नाही करणार. मनात नसताना पाया पडले तर ती तुमची फसवणूक होईल."

खिडकीआड मी कपाळावर हात मारला. संपलं, म्हटलं.

"सनावाराचा सैपाक?"

"तो करेन. पुरणपोळी चांगली जमते मला."

"आनि आयतवारी?"

"चर्चला जाणार."

"सागर सोडंल."

"तो रविवारी दहाशिवाय उठत नाही."

"व्हय, त्ये बी खरं," बापू म्हणाले. "मंग मी सोडीन. मला बाजाराला जायचंच आसतं." टॉवेल झटकून ते म्हणाले, "तुझा देव मला पटत न्हाई हां पोरी. तोंडावर सांगतो."

"माहितीय. मलाही तुमचे नाही पटत."

"मंग झालं तर. खोटं कुनीच बोलाया नगं."

आणि दोघे चक्क हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दानिएलने पाहिलं म्हणून मी पुन्हा भडकलो. "हेच! अगदी हेच मी सांगणार होतो!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"तुम्ही? तुम्ही तर पाणी ओतलंत!"

"तू वाकलास कशाला?"

मालतीने लाटणं ओट्यावर आपटलं. आम्ही दोघेही जाणते झालो.

लग्न झालं. नोंदणी पद्धतीने, दोन्हीकडच्या मंडळींसमोर, आणि जेवणाच्या पंगतीत मला बापूंपासून लांब बसवून. आता आमच्या चर्चमध्ये, आपल्याहून वेगळं मानणाऱ्यांशी कसं बोलावं यावर चर्चा ठेवली की पाळकसाहेब एस्तेरला बोलावतात. बापूही येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि न पटलेलं उभं राहून सांगतात. लोकांना त्यांचं फार कौतुक. कामाची जबाबदारी मलाही दिलेली आहे. फाटकाबाहेर उभं राहून गाड्या लावून घ्यायची! तिथे धर्माचा प्रश्न येत नाही, असा पाळकसाहेबांचा हिशेब असावा.

गेल्या खेपेला एका गृहस्थांनी गाडी फाटकात आडवी लावली. मी त्यांना सौम्य शब्दांत समज दिली. ते गृहस्थ एक शब्दही न बोलता गाडी काढून निघून गेले. ते त्या दिवसाचे प्रमुख वक्ते होते, हे मला नंतर कळलं.

त्यांच्या जागी ऐनवेळी बापूंना उभं केलं. मतभेद असले तरी माणसाला माणूस कसा धरून ठेवतो यावर फार सुंदर बोलले म्हणे. मला ऐकता आलं नाही. मी तेव्हा वक्त्यांच्या गाडीमागे पळत होतो.