साडूभाऊंचे इंग्रजी शब्द

इंग्रजी वाक्य समोर आलं आणि त्यातला एक तरी शब्द उपटून त्याजागी दुसरा लावला नाही, असं माझ्या साडूंच्या हातून कधी घडल्याचं मला आठवत नाही. मोखाड्याला ते इंग्रजी शिकवतात. पण शाळा सुटली की शिकवणंही संपतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. लग्नपत्रिका, बिस्किटाचा पुडा, त्यांना काहीही चालतं. एकदा आम्ही जव्हारच्या जीपमध्ये चढणार, तेवढ्यात मागच्या काचेवरचं ‘गॉड इज ग्रेट’ वाचून ते ड्रायव्हरला म्हणाले, “ग्रेट काढून काइंड लिही. नुसता मोठा असून आपल्याला काय उपयोग?” ड्रायव्हर म्हणाला, “पुढल्या रंगाला लिहू सर. आता बसा, माणसं खोळंबलीत.” साडू बसले, पण जव्हार आलं तरी ‘काइंड’ की ‘नियर’, हे त्यांचं ठरलं नव्हतं.

वर्गातही तेच. पुस्तकात ‘रमेश इज ईटिंग ॲन ॲपल’ असं वाक्य होतं. सफरचंद काढा आणि तुमच्या मनाचं घाला, असं त्यांनी सांगितलं. पोरांनी एकमताने खेकडा घातला. मग ‘ॲन’चा ‘अ’ झाला. आणि खेकडा आधी धरावा लागतो, भाजावा लागतो, म्हणून ‘कॅचिंग’ आलं, ‘रोस्टिंग’ आलं. तास संपला तरी रमेशच्या तोंडी काही पडलं नव्हतं.

त्यांची लेक ठाण्याला नर्स म्हणून लागली. बापाची हौस म्हणून ती रोज मोबाइलवर इंग्रजीत एक ओळ पाठवायची, आणि साडू ती सुधारून परत धाडायचे. ‘रूम इज स्मॉल’ आलं, तर यांनी ‘स्मॉल’ काढून ‘कोझी’ घातलं. माझी मेव्हणी म्हणाली, “अहो, तिला खोली लहान पडत असेल. शब्द कसला बदलता?”

“कोझी म्हणजे लहान पण उबदार. चांगला शब्द आहे. माहीत हवा तिला,” साडू म्हणाले.

एका रविवारी मी त्यांच्याकडे असतानाच ओळ आली : ‘आय ॲम मॅनेजिंग.’ म्हणजे, चाललंय कसंबसं. साडूंनी चष्मा पुसला. ‘फाइन’ लावून पाहिलं, ‘ओके’ लावून पाहिलं, ‘हॅपी’ तर ओठांवरच थांबलं. मग हळूच म्हणाले, “हा शब्द तिनं शोधून घातलाय हो.”

त्यांनी फोन लावला. “बरी आहे बाबा,” एवढंच ती म्हणाली. मेव्हणीने नागलीच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि साडू दुपारच्या एसटीने ठाण्याला गेले.

पोरगी अंगात ताप घेऊन कामावर जात होती. खोली एवढीशी, की एकाने पाय पसरले तर दुसऱ्याने भिंतीला टेकून बसायचं. ताप उतरेपर्यंत साडू भिंतीला टेकून बसले. ती बरी झाली, नोकरीवर टिकली.

तिच्या ओळी अजून येतात. साडू त्या दोनदा वाचतात आणि फोन खिशात ठेवतात. मध्यंतरी तिनेच विचारलं, “बाबा, हल्ली माझ्या चुका होत नाहीत का?”

“होतात,” साडू म्हणाले, “घरी आलीस की सांगेन.”

होळीला ती येणार होती. सुटी मिळाली नाही.