डिस्कला फाशी देण्याआधी

भर उन्हाळ्यात सगळं हॉस्पिटल घामाने निथळत असताना लोकरीचा स्वेटर घालून फिरणारी एकच बाई होती, तिथले कॉम्प्युटर सांभाळणारी. सर्व्हरच्या खोलीतला गारठा सुनेला बाधायला नको म्हणून सासूबाईंनी तो विणून दिला, आणि तेव्हापासून तिचं खरं नाव मस्टरपुरतंच उरलं. सगळ्यांची ती स्वेटरताई.

मंगळवारी सकाळी एक्स-रेवाले काका दारातूनच गरजले, "अहो ताई, एक फोटो उघडायला दोन मिनिटं! तेवढ्यात मोडलेलं हाड जुळून येईल!"

"केबल बघितली का काका?"

"केबल, माऊस, माझा चष्मा, सगळं बघून झालं. आता तुमचं कपाट बघा."

ताईने सर्व्हरचं कपाट उघडून बघितलं. सर्व्हरमधल्या आठ डिस्कपैकी दोन मधूनच गायब होत होत्या, क्षणभराने परत येत होत्या. एक्स-रेची नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवलेली होती खरी, पण तिथली जागा सहा महिन्यांपूर्वीच संपली होती आणि वाढीव जागेची मागणी फाइलीत घोरत पडली होती. म्हणजे सहा महिन्यांचे एक्स-रे फक्त या आठ डिस्कवर.

दुपारपर्यंत मशीन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर दोन नव्या डिस्क काखेत मारून आला. "दोन गेल्यात, ताई. काढतो, नव्या घालतो. अर्ध्या तासाचं काम."

त्याने हात घातला तशी ताई ओरडली, "थांबा! सकाळी कुठल्या दोन गेल्या होत्या?"

"तिसरी आणि पाचवी."

"आणि आत्ता?"

त्याने पडद्यावरची यादी बघितली. "पहिली... सहावी."

"चोर दर वेळी वेगळा कसा? तब्येत तर सर्व्हर आठही जणींची ठणठणीत दाखवतोय. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही. दोन नसल्या तरी बाकीच्या सहा निभावून नेतात; पण चालत्या दोन उपटल्यात आणि तेवढ्यात तिसरी गायब झाली, की सहा महिन्यांच्या हाडांचा चुरा."

मग चोर कोण? या आठ डिस्क चालवणारा, त्यांच्या किल्ल्या सांभाळणारा कंट्रोलर. आणि हे सुचताच ताईचा चेहरा उतरला. या कंट्रोलरच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, जुना झाल्याची सूचना तिला दोन वर्षं रोज सकाळी येत होती. रोज तेच रडगाणं, म्हणून तिने मेलमध्ये 'कुरकूर' नावाचा वेगळा कप्पा उघडून ती सूचना परस्पर तिकडे जाईल अशी सोय केली होती. आता तिने तो उघडला. सातशेच्या वर पत्रं! तीन आठवड्यांपूर्वी तिनेच सर्व्हरची सिस्टिम अद्ययावत केली होती. त्या दिवसापासून जुन्या ओळीखाली एक नवी ओळ येत होती: कंट्रोलर अडकला, पुन्हा सुरू झाला. वरची ओळ तीच, म्हणून खाली कोण बघतंय!

"नवी सिस्टिम, जुना कंट्रोलर. एकमेकांची भाषाच कळेना त्यांना," इंजिनिअर मान हलवत म्हणाला. "फर्मवेअर बदलावं लागेल."

"बदलू. पण तुमच्या त्या दोन डिस्क आधी इकडे द्या."

तिने त्या शेजारच्या कॉम्प्युटरला जोडल्या आणि सहा महिन्यांचे एक्स-रे त्यांवर उतरवायला लावले. ते काम बुधवारी दुपारी पुरं झालं. नकलेतले चार फोटो उघडून बघितल्यावरच तिने सर्व्हर बंद ठेवायला काकांकडे चाळीस मिनिटं मागितली.

"चाळीस? रांग बघितलीत का माझी? वीस देतो."

"काका, ही काय भाजी आहे घासाघीस करायला?"

सर्व्हर बंद झाला, नवं फर्मवेअर चढलं, पुन्हा सुरू करताना पडदा काळा झाला तो झालाच. ताईने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. इंजिनिअरनेही घेतलं असावं, ओठ हलत होते. एकतिसाव्या मिनिटाला बाहेरून काकांची आरोळी आली, "उघडला! नुसतं बोट लावलं आणि उघडला!"

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "चूक कोणाची? कंपनीची?"

इंजिनिअर छताकडे बघू लागला. ताई म्हणाली, "माझी, साहेब. सूचना येत होती, मी वाचली नाही."

डॉक्टरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या तसं. आणि त्या नकलेच्या जागेचं काय रखडलंय म्हणता? तेही त्यातच लिहा, आजच सही करतो."

ताईने कागद ओढला आणि आधी मागणी लिहिली. साहेबांची सही होईपर्यंत चूक काही पळून जाणार नव्हती.