साध्या पाण्यातला एक

पाटील सर गेल्याचा निरोप आमच्या गल्लीतल्या एसटीडी बूथवाल्यानं आणला. चाळीसगावहून फोन होता, नानांना कळवा एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला. मी ओट्यावर जाळं विणत बसलो होतो. हातातली गाठ पुरी केली, मग उठलो. मातीला गेलो नाही. गाडी होती, अंगात ताकदही होती, तरी गेलो नाही. तेरावं उलटल्यावर गेलो, आणि तिथं जे हातात पडलं त्याच्यापायी हे लिहायला बसलोय. मी चौथी शिकलेला माणूस. नात म्हणाली, आजोबा, मी नीट करून देते. मी म्हटलं, एका अक्षराला हात लावायचा नाही.

धुळ्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा शिपाई होतो. जातीनं भोई, बाप पांझरेत जाळं टाकायचा. सर चाळीसगावचे, रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायचे. पोरांसमोर पुस्तकातलं मराठी, आम्ही दोघंच असलो की अहिराणी. त्या सुमाराला गावाबाहेर रंग दळायची एक शेड निघाली होती. लाल ऑक्साईड, म्हणजे लोक घरात कोब्याला घालतात ती पूड. पोती धुतलेलं पाणी नाल्यात जायचं आणि नाला लालभडक व्हायचा. त्यानं मासे मरतात असं जो तो म्हणायचा, सगळ्यात मोठ्यानं मी. सर म्हणाले, "नाना, शेवटी हा दळलेला गंजच आहे. तो माशाला चार दिवसांत मारतो का, ते बघू. मोजल्याशिवाय मी एक ओळ लिहिणार नाही."

मासे मीच आणले. धरणावरच्या मत्स्यबीज केंद्रातून रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पत्र्याच्या डब्यात, एसटीत मांडीवर धरून. वाटेत हातानं पाणी हलवत आलो, एक मरू दिलं नाही. सरांना ऐकवलं, माझ्या हातचा मासा चांगल्या पाण्यात मरायचा नाही. सर हसले. "एखादा मरतो, नाना. मेला तर चालतं. फक्त मला कळला पाहिजे." काचेच्या सहा टाक्या मांडल्या. पहिलीत साधं पाणी, पुढच्या पाचांत लाल पूड चढत्या मापानं. पूड तळाला बसू नये म्हणून हवेच्या नळ्या बुडबुडत ठेवलेल्या. एकेका टाकीत दहा मासे, चार दिवस खाणं बंद. वेगळ्या हौदात तीस राखीव. मी कॉलेजमागच्या खोलीतच राहायचो, म्हणून सकाळी सहाची मोजणी माझ्याकडं. मेलेला लगेच काढायचा, पाटीवर आकडा मांडायचा. सर नऊला यायचे आणि तोच आकडा वहीत उतरवायचे. पोरं म्हणायची, सर, एकदा तुम्ही मोजा. सर म्हणायचे, नानांनी मोजलं ना?

तिसऱ्या सकाळी साध्या पाण्याच्या टाकीत एक मासा पोट वर करून होता. तशी शेवटच्या लाल टाकीतही दोन मेली होती, त्यांचं मला काही वाटलं नाही, ती मरायलाच ठेवली होती. पण साध्या पाण्यात... माझ्या हातचं! मी इकडंतिकडं बघितलं. मेलेला उचलला, मागच्या कडुनिंबाखाली फुटक्या फरशीच्या तुकड्याखाली दाबला. राखीव हौदातून एक जिवंत घेतला आणि टाकीत सोडला. तो दोनदा गोल फिरला आणि बाकीच्यांत मिसळला.

नऊला सर आले. "कितला शेतस, नाना?"

"साधामा दहाना दहा."

सरांनी लिहून घेतलं. मग उगाच हौदाशी गेले आणि वाकून बराच वेळ उभे राहिले. "राखीव एकोणतीस शेतस."

"मांजर लई गई व्हई."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "व्हई," म्हणाले, आणि तासाला गेले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी त्या फेरीची सगळी पानं फाडली. मी विचारलं, का हो? म्हणाले, पाणी तापलं होतं, पुन्हा करू. उन्हाळ्याचे दिवस, मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. पुन्हा मी धरणावर गेलो, पुन्हा डबा मांडीवर. सरांनी मच्छरदाणीचा तुकडा आणून राखीव हौदावर बांधला. "मांजरासाठी," म्हणाले. आणि त्या फेरीपासून प्रयोग असला की सर पॅसेंजरची वाट न बघता पहिल्या एसटीनं यायला लागले. मी टाकीवर बोट धरून मोजायचो, ते मागं उभे असायचे. मोजून झालं की, "चला नाना, च्या पिऊत." स्टोव्हवर मी चहा ठेवायचो. नऊ वर्षं असं चाललं. माझी बायको आजारात गेली तेव्हाचं सगळं मी त्यांना त्या स्टुलावर बसून सांगितलं. त्यांच्या मुलीचं मोडलेलं लग्न त्यांनी मला सांगितलं, घरात कोणाला सांगायच्या आधी. मी गावात मिरवायचो... एवढा शिकलेला माणूस माझ्या चहासाठी पहाटे उठून येतो.

दुसऱ्या फेरीत साध्या पाण्यात एकही मेला नाही आणि लाल पाण्यातही चार दिवसांत फारसे मेले नाहीत. मी चिडलो, नाल्यावरचं माझं बोलणं खोटं पडलं होतं. सरांनी शेवटच्या टाकीतला एक घेतला, कल्ला कात्रीनं उघडला आणि मला सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघायला लावलं. कल्ल्याच्या दातऱ्यांमध्ये लाल कण गच्च बसले होते. मासा तेवढं घेऊन चार दिवस पोहत होता. सर म्हणाले, "मेला नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. बरा आहे असं नाही." मी दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. त्या वेळी सांगता आलं असतं. खोलीत दोघंच होतो.

तर तेराव्यानंतर मी चाळीसगावला सरांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं, बसवलं. मग आतून एक बाटली आणली. "कपाट आवरताना निघाली. तुमचं नाव दिसलं म्हणून ठेवली." फॉर्मॅलिनची बाटली. आत बोटाएवढी रोहू, पांढरी पडलेली. शेपटीचा एक कोपरा मुंग्यांनी खाल्लेला. चिठ्ठीवर सरांचं अक्षर. मी जुळवून जुळवून वाचलं. साधं पाणी. तिसरी सकाळ. नाना.

वहिनी म्हणाल्या, "काय हो हे?" मी म्हटलं, "मासा आहे."

येताना पॅसेंजरमध्ये बाटली मांडीवर धरली होती. म्हणजे त्याच दिवशी ते कडुनिंबाखाली गेले होते. फरशी उचलली होती. आणि नऊ वर्षं मला एका शब्दानं बोलले नाहीत. मग ते पहिल्या एसटीनं कशासाठी यायचे? चहासाठी, का माझ्यामागं उभं राहून मोजायला? हे विचारायला आता माणूस नाही. रागावले असते तर मीही दोन शब्द उलट बोललो असतो, भांडलो असतो, मिटलं असतं. ते तर घोट घोट चहा पीत राहिले आणि कप स्वतः विसळून ठेवत राहिले.

बाटली आता माझ्या खोलीत फळीवर आहे. नात म्हणते, घाण वाटते, टाका. मी टाकत नाही. सकाळी सहाला जाग येते, ती सवय जात नाही. उठून फळीपुढं उभा राहतो, काचेला बोट लावतो. पाठीमागं कोणीतरी उभं असल्यासारखं होतं... मी वळून बघत नाही. मेलेल्याचा आकडा मोठ्यानं सांगतो.

"सर, साधा पानीमा एक मरेल शे."

मग स्टोव्ह पेटवतो आणि दोन कप चहा ठेवतो.